अकरा किंवा कमी

बारा फासे एका मुठीत मावत नाहीत हे मला वयाच्या चौतिसाव्या वर्षी कळलं. ओंजळच करावी लागते, लग्नात अक्षता घेतो तशी, आणि ती ओंजळ मोठ्या परातीत उपडी करायची, कारण टेबलावर टाकले तर दोन सोफ्याखाली जातात, एक आजींच्या चपलेत सापडतो आणि एक कधीच सापडत नाही. परातीत आवाज मात्र असा होतो की खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा वर विचारायला आल्या होत्या, काही पडलं का म्हणून. पडलं नव्हतं काकू, आमच्या डेंटिस्टने एकाला बुक्की मारली होती.

बाहेर तो खरंच डेंटिस्ट आहे. शनिवारी संध्याकाळी सात ते दहा, सहकारनगरातल्या एका डायनिंग टेबलावर तो 'पाषाण' नावाचा सुपरहिरो असतो, दगडाच्या अंगाचा, गोळी लागली तर टिचकी मारल्यासारखं वाटणारा. (पुण्यात पाषाण नावाचा भागच आहे, त्यावरून व्हायचे ते सगळे जोक्स होऊन गेलेत. व्हिलन 'पाषाणला संपवा' म्हणाला की कोणीतरी 'सर्कलपासून का गावाकडून?' विचारतंच.) मी 'वावटळ', पळणारी. आमची प्रोफेसर मैत्रीण दुसऱ्यांच्या मनातलं ओळखते, जे ती म्हणते कॉलेजात पण करते, फक्त तिथे पॉइंट मिळत नाहीत. चौथा 'घार', तो उडतो. आणि पाचवा आमचा जीएम, गेममास्टर, म्हणजे ज्याचं घर, ज्याची परात, ज्याची आजी आणि ज्याच्या डोक्यात ते सगळं पुणं ज्यात आम्ही उडतो, पळतो नि भिंती फोडतो.

आम्ही हा गेम खेळतो हे कोणाला सांगायला गेलं की पहिला प्रश्न असतो, म्हणजे मोबाइलवर का? नाही. बोर्डवर? तसं पण नाही. मग मी सांगते की ही मोठ्यांची भातुकली आहे, फक्त हिशोबासकट. तू कोण ते तू ठरवायचं, बाकी जग एक जण चालवणार, आणि जमलं की नाही ते फासे सांगणार. एवढं ऐकून बहुतेक जण विषय बदलतात.

गेमचं नाव चॅम्पियन्स. 1981 मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज मॅकडोनाल्ड आणि स्टीव्ह पीटरसन या दोघांनी काढला. आम्ही खेळतो ती त्याची 1989 ची चौथी आवृत्ती, जाडजूड पुस्तक, त्याची बाइंडिंग आता जीएमने दाभण घेऊन शिवलीय. यात साधे सहा बाजूंचे फासे चालतात, वीस बाजूंचे वगैरे मागवायला लागत नाहीत, त्यामुळे पहिल्या महिन्यात आम्ही आपापल्या घरचे लुडो, सापशिडी आणि नवा व्यापारचे डबे लुटले. माझ्या भाच्याला अजून माहीत नाही त्याचा लुडो बंद का पडला ते.

बारा फाशांची बेरीज करायची म्हणजे समोरचा किती गरगरला ते कळतं. मग तेच फासे परत मोजायचे, आता एकला शून्य, सहाला दोन, बाकी सगळ्यांना एकेक, म्हणजे समोरच्याला खरं किती लागलं ते कळतं. डेंटिस्ट यात वस्ताद. बोटाने सहा-चार, पाच-पाच अशा दहाच्या जोड्या सरकवत जातो, दाढा मोजल्यासारखा, आणि पाच सेकंदांत बेचाळीस म्हणून मोकळा. नियमांच्या बाबतीत पण तोच चित्रगुप्त. फासा परातीच्या काठाला टेकून तिरका राहिला तर तो धरायचा नाही, परत टाकायचा, पण सपाट पडला तर पडला, मग रडीचा डाव खडी. एकदा माझा एक्का पडला तेव्हा मी 'हात लागला रे माझा' म्हणून बघितलं, तर तो मोबाइलचा टॉर्च लावून फाशाखाली फट आहे का ते बघायला लागला. नव्हती.

या गेममधल्या लढाईत बारा सेकंदांचा एक फेरा असतो आणि तुमचा वेग जेवढा तेवढ्या वेळा तुमचा नंबर लागतो. पाषाणचा वेग चार, तर तो तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या सेकंदाला. माझा सहा, म्हणून मी प्रत्येक सम सेकंदाला. ऐकायला भारी, पण हे बारा सेकंद खेळायला आम्हाला दीड तास लागतो, मध्ये चहा होतो, जीएमची बायको ऑफिसचा कॉल संपवून येऊन विचारते 'अजून तोच माणूस पडतोय का गच्चीवरून?' आणि हो, अजून तोच पडत असतो.

पण मला लिहायचंय ते लढाईबद्दल नाहीचे. तीन वर्षांत लढाया किती झाल्या नि कोणाशी झाल्या, विचाराल तर मला चार पण नीट सांगता येणार नाहीत. लक्षात राहिल्यात त्या अडचणी.

त्याचं असंय की हिरो बनवायला साधारण अडीचशे पॉइंट लागतात. उडायचंय, एवढे. भिंत फोडायचीय, एवढे. त्यातले शंभर तुम्हाला फुकट मिळतात आणि उरलेले दीडशे तुम्ही अडचणी घेऊन कमवायचे. म्हणजे शक्ती विकत घ्यायची आणि पैशांऐवजी आपली दुखणी मोजायची. कोणीतरी मागावर आहे, घ्या पॉइंट. खोटं बोलताच येत नाही, घ्या पॉइंट. पहिल्या दिवशी हे वाचून डेंटिस्ट म्हणाला होता, अरे मग आपण खऱ्या आयुष्यात तर उडायलाच पाहिजे. माझ्या वावटळीच्या मागावर मी सोसायटीचा सेक्रेटरी लावला. जीएमने आधी नाही म्हटलं, मग पार्किंगवरून त्याच्याच सोसायटीत काहीतरी झालं, तेव्हा मुकाट्याने मंजूर केलं.

घारने घेतली आई.

म्हणजे पुस्तकात तशी सोयच आहे, हिरोवर अवलंबून असलेलं साधं माणूस, त्याला कसलीही शक्ती नसते, आणि ते नेमकं नको तेव्हा येतं. ते किती वेळा येणार ते पण ठरवायचं. सेशनच्या सुरुवातीला जीएम तीन फासे टाकतो, आठ किंवा कमी आले तर ते माणूस आज गोष्टीत येणार असं ठरवा, नाहीतर अकरा किंवा कमी, नाहीतर चौदा किंवा कमी. जितकं जास्त वेळा येणार तितके पॉइंट जास्त. घारने मधलं घेतलं, अकरा. डेंटिस्टने तेव्हाच मांडून सांगितलं, 216 पैकी 135 वेळा येणार बरं का तुझी आई. आजी तिकडे खुर्चीत वाती वळत होत्या, त्यांनी मान वर न करता फक्त 'घार हिंडते आकाशी' एवढं म्हटलं आणि पुढची वात घेतली.

आणि ती बाई आली हो. जीएम तिचा आवाज काढतो, जरा चिरका, घाईतला. घार तीनशे फुटांवर, खाली आग, समोर हेलिकॉप्टर, आणि फोन वाजतो, 'अरे डबा इथेच राहिला तुझा.' एकदा ती ओलीस सापडली आणि गुंडांना वरणभात कसा करायचा ते सांगत बसली. हिरोचं खरं रूप तिला माहीत नाही असं ठरलेलं, पण जीएम ते असं खेळवतो की तिला माहीत आहे की नाही ते आम्हालाही अजून कळलेलं नाही.

मध्ये प्रोफेसर मैत्रिणीने मास्क्स नावाचा दुसरा गेम आणला, 2016 चा, किशोरवयीन हिरोंचा. त्यात मार लागला की अंगाला लागत नाहीच, हिरो घाबरतो, चिडतो, त्याला अपराधी वाटतं, तो निराश होतो किंवा त्याचा स्वतःवरचा भरवसा जातो, पाचातलं एक निवडायचं. मला आवडला. डेंटिस्ट चार सेशन 'पण मला लागलंय किती ते सांग' म्हणत राहिला, मग आम्ही परत बारा फाशांवर आलो.

त्याहून वाईट झाला तो प्रयोग म्हणजे व्हिलन्स अँड व्हिजिलांटीज. हा 1979 चा, जेफ डी आणि जॅक हर्मन या दोन पोरांनी केलेला, आणि त्यात हिरो म्हणजे तुम्ही स्वतःच असता, तुमच्याच नावाचे, शक्ती तेवढी वरून मिळालेली. मग तुमची ताकद किती, अक्कल किती, छाप किती पडते हे कोण ठरवणार? तर टेबलावरची मंडळी. आता मला सांगा, पुण्यात चार मित्र बसून एकमेकांच्या अकलेला मार्क देणार, हे कुठे जाणार? ताकदीपर्यंत ठीक होतं, भरलेला सिलिंडर जिन्याने दुसऱ्या मजल्यापर्यंत नेतो का वगैरे. अकलेला प्रोफेसरने मला दिलेला आकडा मी इथे लिहीत नाही. घारची छाप किती पडते यावर कोणीच काही बोलेना, शेवटी आजी म्हणाल्या 'पोरगा गुणी आहे', म्हणजे मार्क कमीच. एक तासात गुंडाळला तो गेम, आणि पुढचे दोन शनिवार 'कोणालाच जमत नव्हतं'.

आजींचं सांगायचं राहिलं. त्यांचं माहेर नारायण पेठेत, सासर सहकारनगरातल्या पूरग्रस्तांच्या सोसायटीत, म्हणजे पानशेतने या बाईला दोन्हीकडून गाठलेलं. आम्हाला हे माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. गेल्या पावसाळ्यात जीएमने मोठा सीन लावला, व्हिलन खडकवासल्याची भिंत उडवतो, आणि तो रंगात येऊन सांगत होता की दोन मजली लाट लकडी पुलावर येऊन आदळते वगैरे, तर खुर्चीतून आवाज आला, 'असं नाही येत पाणी.'

12 जुलै 1961. आजी अकरा वर्षांच्या. आधी पानशेत फुटलं, मग खडकवासला. 'लाटबिट आम्हाला काही दिसली नाही. आधी वाड्याच्या दारात आलं, मग अंगणात, मग बघतोय तर जिना चढतंय. एकेक पायरी. आई मोजत होती.' नंतर कित्येक दिवस चिखलाचा वास जेवणाला लागायचा म्हणाल्या, आणि हातातली वात सोडून माझ्याकडे बघून, 'तू पळतेस ना गं? मग तिथे धरणावर काय करतेयस? दारोदार जाऊन सांग की. आमच्या वाड्यात तरी कोणी आलं नव्हतं सांगायला.'

मग मी दुसऱ्या सेकंदाला शनिवार पेठेत, चौथ्याला नारायणात. जीएम फासे मागेना आणि मीही टाकेना, मी फक्त घरं सांगत गेले, कोपऱ्यावरची गिरणी, तालीम, मागचा वाडा, आणि आजी दुरुस्त करत होत्या, 'गिरणी डावीकडे.' पाषाण एका म्हाताऱ्याला खुर्चीसकट उचलून पर्वतीवर ठेवून आला. घारने आईला फोन केला, त्या दिवशी पहिल्यांदा त्याने. व्हिलन पळून गेला. त्याचं नाव काय होतं ते मला आता आठवत नाही, काहीतरी प्रलय होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी घार टोरंटोला गेला. घार म्हणजे खरा, तो मुलगा, त्याची खरी आई इथे सिंहगड रोडला एकटी असते. खेळ सोडायचा नाही असं ठरलं, आमचे संध्याकाळचे सात म्हणजे त्याचे सकाळचे साडेनऊ, थंडीत साडेआठ, मग लॅपटॉप मिसळणाच्या डब्याला टेकवून टेबलाच्या त्याच्या बाजूला ठेवायचा. तो आपले फासे तिकडे टाकतो. किती आले ते तोच सांगतो. डेंटिस्टला हे सुरुवातीला फार जड गेलं, म्हणून तो 'कॅमेरा खाली कर' म्हणायचा, मग दोन-तीन वेळा त्या मुलाने आपणहून दोन एक्के सांगितले, तेव्हा थांबला. आईचे फासे मात्र इथेच पडतात, जीएमच्या हातून.

जानेवारीत एका सेशनच्या आधी तो म्हणाला, आईचे अकराचे चौदा कर ना.

'पॉइंट पाहिजेत साल्याला,' डेंटिस्ट म्हणाला. '216 पैकी 196. दर वेळी येईल ती.'

'पॉइंट नकोत मला. नुसतं चौदा कर.'

जीएमने शीटवर अकरा खोडून चौदा लिहिलं, पॉइंटची बेरीज तशीच ठेवली, जे नियमात बसत नाही, आणि डेंटिस्ट काही बोलला नाही म्हणून आम्ही पण नाही बोललो. तेव्हापासून ती येते. परवा आली तेव्हा टोरंटोत बर्फ पडतोय का, कान झाकतोस का, असलं काहीतरी बोलत होती, आता आमचा गेम पुण्यात आहे आणि घार पुण्यातच उडतो, पण कोणी काढलं नाही ते.

आणि या शनिवारी जीएमने नेहमीसारखे तीन फासे परातीत टाकले. सहा. पाच. चार.

'पंधरा,' प्रोफेसर म्हणाली. 'आज नाही आली.'

डब्याला टेकलेल्या स्क्रीनवर तो चहाचा मग धरून बसला होता, मागे खिडकीत सगळं पांढरं. 'बरं,' म्हणाला. मग थोड्या वेळाने, 'परत टाकतोस का?'

कोणी बोललं नाही. तीन वर्षांत आमच्याकडे सपाट पडलेला फासा कोणासाठी परत टाकलेला नाही. डेंटिस्ट खुर्चीतून उठला, परातीवर वाकला, टॉर्चबिर्च काही लावला नाही.

'हा पाचवाला तिरका आहे रे,' म्हणाला. 'काठाला टेकलाय.'

फासा परातीच्या मधोमध पडला होता. जीएमने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तिन्ही उचलले.