मांगरातली मारुती 800: आधी कागद, मग पत्रा, इंजिन शेवटी

जुनी गाडी घेऊन उभी करायची असं सतराव्या वर्षी डोक्यात येतं, तेव्हा सगळं लक्ष इंजिनाकडे असतं. कोकण किनाऱ्यावर हा क्रम उलटा धरावा लागतो. इथे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा वाचतं. मरतात ते तळाचा पत्रा आणि कागद. मालवण तालुक्यातल्या एका मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपटात, पडून असलेली कार्ब्युरेटरची मारुती 800 मी वडिलांच्या नावावर घेतली आणि रस्त्यावर आणली, ती कागद, पत्रा, ब्रेक, इंजिन, रंग याच क्रमाने.

मारुती 800 निवडायचं कारण साधं आहे. 1983 ते 2014 एवढा मोठा काळ ती बनत होती, त्यामुळे कुडाळ-कणकवलीच्या दुकानांतही तिचे सुटे भाग मिळतात. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आटोपशीर आहे आणि एकट्याने हाताळता येतं. फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, दिसायला देखणी. पण कुर्ल्याच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन कधीच थांबलं आणि बॉडीचे भाग, स्टिअरिंगवरच्या गिअरचे सांधे यांसाठी मुंबई गाठावी लागते. पहिल्याच कामाला ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता कागद. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही आणि चारचाकीचा परवानाही अठराशिवाय मिळत नाही. म्हणून गाडी आई किंवा वडिलांच्या नावावर घ्या आणि तोवर रस्त्यावर चालवू नका, वाडीतल्या पाणंदीतही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना सापडला, तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

कोकणातली खरी अडचण वारसांची. गाडी आजोबांच्या नावावर, आजोबा गेलेले, एक मुलगा परळला, दुसरा बोरिवलीला, घर सामायिक. गावात राहणारा काका "घेऊन जा रे" म्हणाला म्हणून गाडी तुमची होत नाही. आधी नमुना 31 भरून ती एका वारसाच्या नावावर व्हावी लागते. त्याला मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती लागते. मग त्या वारसाकडून नमुना 29 आणि 30 वर तुमच्या घरी येते. सगळे चाकरमानी एकत्र भेटतात ते गणपतीत किंवा शिमग्याला. सह्यांचं काम तेव्हाच उरकून घ्या, आणि सह्या होईपर्यंत बयाण्याच्या पुढे पैसे देऊ नका.

परिवहन संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची मुदत, विमा, थकलेली चलनं आणि कर्जाचा बोजा पाहा. कर्ज वीस वर्षांपूर्वी फिटलं असलं तरी आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचं नाव अनेकदा तसंच असतं; ते उतरवायला बँकेच्या सहीचा नमुना 35 लागतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर वेळी 5 वर्षांनी नमुना 25 वर नूतनीकरण. ते चुकलं असेल तर एप्रिल 2022 पासूनच्या नियमांत कारला दरमहा 500 रुपये विलंब शुल्क आहे. चार वर्षं मुदत संपलेली गाडी म्हणजे 24,000 रुपये फक्त उशिराचे, वर नूतनीकरणाचं शुल्क आणि पर्यावरण कर. ही सगळी बेरीज आधी कागदावर मांडा आणि मगच भाव बोला. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडे गोव्याच्या नंबरच्या गाड्या स्वस्त मिळतात, पण त्यांना तिकडून नमुना 28 चं ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला रस्ता कर लागतो. व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडून द्या, ती 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी आहे आणि त्या गाड्या रोजच्या वापराला चालत नाहीत.

गाडी बघायला भर दुपारी जा. सोबत टॉर्च, जाड स्क्रू-ड्रायव्हर, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, पेन्सिल आणि पातळ कागद घ्या. बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावर कोरलेला चासी नंबर शोधा, ब्रशने साफ करा आणि कागद ठेवून पेन्सिलने त्याचा ठसा घ्या. आरटीओत हाच ठसा मागतात. खाऱ्या हवेने एखादा आकडा खाल्ला असेल, तर गाडी कितीही चांगली असो, परत फिरा.

मग खाली. रबरी मॅट उचला, त्याखालचं तागाचं फेल्ट ओलं लागतं का पाहा. मॅटखालचा पत्रा वरून काळा-धड दिसतो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकला की कणीक दाबल्यासारखा आत जातो. ठोकायच्या जागा ठरलेल्या आहेत: ड्रायव्हरच्या पायाखालची, मागच्या सीटखालची, दारांखालचे रनिंग बोर्ड, जॅक लावायची जागा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या शॉकअपचे वरचे कप, काचेच्या रबर बीडिंगच्या कडा. लोहचुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. फ्लोअर कुजलेलं चालेल, ते बदलता येतं. शॉकअपचे कप आणि इंजिनाला धरणारा पुढचा भाग कुजला असेल तर नको. ती जोडणी गॅरेजात सरळ रेषेत बसत नाही आणि गाडी एका बाजूला ओढत राहते.

गंज वरून पडणाऱ्या पावसाने कमी आणि आत अडकलेल्या पाण्याने जास्त होतो. आंब्या-फणसाखाली उभ्या गाडीच्या वायपरखालच्या जाळीत पातेरा (वाळका पाला) साचतो, पाणी जायची भोकं बुजतात आणि पाणी डॅशबोर्डखालून फ्लोअरवर उतरतं. घट्ट बांधलेली ताडपत्री याहून वाईट, कारण आतला दमटपणा बाहेरच पडत नाही. चिपळूण, खेड, महाडकडची गाडी असेल तर 22 जुलै 2021 च्या पुराची आठवण ठेवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, हेडलाइटच्या आत आणि डॅशबोर्डच्या मागे गाळाची रेघ शोधा. पुरात बुडालेलं वायरिंग नंतर वर्षानुवर्षं त्रास देतं.

गाडी घरी आणली ती टेम्पोवर घालून. नोंदणी संपलेली गाडी दोरीने ओढत आणणंही धोक्याचं, कारण ब्रेकची खात्री नसते. कामाला सुरुवात करताना एक गोष्ट पक्की करा: गाडी जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवून खाली शिरायचं नाही. आपल्याकडे सर्रास तसं करतात, पण चिरा भाराखाली आधी काही न सांगता फुटतो. दोन टनांचे लोखंडी स्टँड घ्या.

पत्र्याच्या कामाआधी बॅटरी, पेट्रोलची टाकी, सीटा आणि मॅट काढून बाजूला ठेवा. टाकी रिकामी असली तरी तिच्यातली वाफ स्फोट करते, म्हणून टाकीला वेल्डिंग कधीच लावायचं नाही; बारीक भोकं असतील तर दुसरी टाकी बसवायची. कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढा. वरून ठिगळ मारलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि दोन पावसांत नवंही जातं. 20 गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा कापून, कडेला कड लावून सीओटू वेल्डिंगने जोडून घ्या. गॅस वेल्डिंगच्या उष्णतेने पातळ पत्रा वाकतो आणि आजूबाजूचा चांगला पत्राही जळून लवकर गंजतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा धूर विषारी असतो, तो टाळलेला बरा.

उरलेल्या गंजावर वायर ब्रश, मग फॉस्फरिक आम्लाचं रस्ट रिमूव्हर, पुसून पूर्ण सुकवणं आणि त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. उघडा पत्रा किनाऱ्यावर एक रात्र ठेवला तरी सकाळी तांबूस होतो. पुट्टी प्रायमरवर लावा, उघड्या पत्र्यावर नको. ती ओल शोषते आणि पुढच्या पावसाळ्यात फोड येतात. रनिंग बोर्डच्या पोकळीत आतून मेण किंवा अँटी-रस्ट फवारून घ्या आणि दारांच्या तळाची पाणी जायची भोकं तारेने मोकळी करा. खालून काळं अंडरकोटिंग मारताना त्याखाली गंज राहिला नाही ना, हे पाहणं जरुरीचं, नाहीतर ते कोटिंगच गंजाला झाकून वाढवतं.

ब्रेकमध्ये काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि मागचे व्हील सिलिंडर आतून खड्डे पडून जाम होतात. किट बदलून भागेल असं मेकॅनिक सांगेल. पण बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, खड्डे दिसले तर सिलिंडरच नवा घ्या. तळाखालून जाणाऱ्या लोखंडी ब्रेक पाइपवर नख फिरवा. खपली निघाली तर पाइप बदला. सगळे रबरी होज नवे, ऑइल डॉट 3, आणि हवा काढायला सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्या. टायरच्या कडेवर चार आकडे असतात: 2314 म्हणजे 2014 सालचा 23 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी एवढं जुनं रबर उन्हाने तडकलेलं असतं.

आता इंजिन. किल्ली फिरवायची घाई करू नका. तिन्ही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि ते हाताने हळू फिरवा. पुढच्या चाकांना ताकद असल्याने इंजिन सोबत फिरतं. अडत असेल तर जोर न लावता पुन्हा ऑइल. मोकळं झाल्यावर टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर बदला. बेल्टचं आयुष्य किलोमीटरइतकंच वर्षांनीही संपतं. जुनं ऑइल काढून नवा फिल्टर आणि 20 डब्ल्यू-40 भरा, प्लगशिवाय स्टार्टर थोडाथोडा फिरवा आणि ऑइलचा दिवा विझला की थांबा. याच वेळी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजा. तिन्ही सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर उत्तम. एक कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेड फेसिंग किंवा बोअरिंग लागलं तर घाट चढून कोल्हापूरला जाणं फायद्याचं, त्या कामाचे जाणते कारागीर तिथे आहेत.

पेट्रोलची बाजू सर्वांत वेळखाऊ. जुनं पेट्रोल आटून लाखेसारखा थर बसतो. कार्ब्युरेटर उघडून त्यातली जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, फवाऱ्याने आणि हवेने साफ करा, तार घालू नका. भोक जरा मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. पंपाचा पडदा आणि सगळ्या रबरी नळ्या बदला. आताच्या ई-20 पेट्रोलमधलं इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि पाणीही शोषतं, म्हणून नळ्या इथेनॉलला चालणाऱ्याच मागा. कुंभारमाशी बारीक नळ्यांत मातीचं घर करते, टाकीच्या श्वासनळीत ते हमखास सापडतं. नळी बुजली की गाडी दहा मिनिटं चालून बंद पडते आणि लोक कार्ब्युरेटर पुन्हा पुन्हा उघडत बसतात.

ठिणगीसाठी प्लगची फट 0.7 ते 0.8 मिमी, पॉइंट असतील तर 0.4 ते 0.5 मिमी, फायरिंगचा क्रम 1-3-2. बॅटरी 35 अँपिअर-तासांची पुरते. लाइट मंद, हॉर्न घोगरा, स्टार्टर सुस्त अशा तक्रारी एकत्र आल्या की बहुतेक वेळा अर्थिंगचा, म्हणजे बॅटरीच्या तारेचा बॉडीशी असलेला, जोड गंजलेला असतो. असे सगळे जोड पॉलिश पेपरने घासा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरवर नुसती टेप गुंडाळू नका, तुकडा कापून डाखाने जोडा. क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर दमटपणाने प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असते. इंजिन गरम करून ती सोडवायचं काम मोकळ्या मैदानात जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला इथे सगळे देतात, तो ऐकू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून विहिरीच्या पाण्याऐवजी कूलंट घाला.

रंग नोव्हेंबर ते मार्च. पावसात मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येते. दोन भागांच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची वाफ फुप्फुसाला घातक, साधा रुमाल पुरत नाही, कार्ट्रिजचा मास्क हवा. काचा उतरवून बीडिंगखालचा गंज काढल्याशिवाय फवारा सुरू करू देऊ नका, आणि रंग आरसीवर लिहिलेलाच ठेवा. बदलला तर त्याची परवानगी आणि नोंद हे वेगळं काम होऊन बसतं.

शेवटी थर्ड पार्टी विमा, पीयूसी आणि ओरोसच्या आरटीओत तपासणी. जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के आहे. आकडा वर गेला तर आधी एअर फिल्टर आणि चोक पाहा, मग आयडलचा स्क्रू. तपासणीला गाडी टेम्पोवरच न्या. अधिकारी चासी नंबर, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि टायर पाहतात. उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची असल्याने तिची नोंदणी आधीच करून ठेवा. वडिलांच्या नावाची आरसी हातात आली की पहिल्या 500 किलोमीटरनंतर ऑइल पुन्हा बदला. आतला सुटलेला मळ त्या ऑइलमध्ये उतरलेला असतो.