शिक्का गेला

कुपवाड एमआयडीसीतल्या शॉपमध्ये ड्रॉइंग कंट्रोल माझ्याकडे होतं. लोकांना हे कारकुनी काम वाटतं. पण जुन्या रेव्हिजनची, म्हणजे आधीच्या आवृत्तीची, एक प्रिंट व्हीएमसी मशीनच्या दाराला चिकटलेली राहिली, तर अख्खा लॉट भंगारात जातो. म्हणून लाल शाईत 'कंट्रोल्ड कॉपी', काळ्या शाईत 'ऑब्सोलीट'. शॉपमध्ये माणसं शाई बघतात. कागद वाचत कुणी नाही.

2014 ची गोष्ट. पुण्याच्या एका कंपनीमार्फत ब्रिटनच्या संरक्षण कामातली एक ब्रॅकेट आम्ही करत होतो. ड्रॉइंगवर वर-खाली 'रिस्ट्रिक्टेड'. मे महिन्यात नवी रेव्हिजन आली. मापं तीच, टॉलरन्स तोच, शिक्का गायब. तिकडच्या सरकारनं 2 एप्रिलपासून गोपनीयतेच्या सहा पायऱ्यांच्या तीन केल्या होत्या: ऑफिशियल, सिक्रेट, टॉप सिक्रेट. रिस्ट्रिक्टेड ही पायरीच गेली. त्यातलं बहुतेक ऑफिशियलमध्ये आलं, आणि साध्या ऑफिशियलवर काही छापायची तेव्हा सक्ती नव्हती. जपून हाताळायचं असेल तिथंच 'ऑफिशियल-सेन्सिटिव्ह'. त्याच टेबलावर आपल्याकडच्या एका कामाचं ड्रॉइंग होतं, त्यावर 'रिस्ट्रिक्टेड' ठळक. आपल्या चार पायऱ्या जिथल्या तिथं.

जुन्या प्रिंटा गोळा करून मी फाडल्या, रजिस्टरला नोंद केली. स्टोअरच्या दत्तानं विचारलं, "सायेब, ह्यावर शिक्का न्हाई की ओ?"

"गेला तो," मी म्हणालो.

दुपारी प्लेटिंगवाल्याचा फोन. "साहेब, ते चौदाचं भोक मास्क करायचं का?"

मी गार पडलो. प्लेटिंगला आम्ही मूळ ड्रॉइंग कधीच देत नव्हतो. पार्ट नंबर, गिऱ्हाईकाचं नाव काढून, मास्किंगची, म्हणजे थर नको तिथं झाकायची, जागा आणि थर किती मायक्रॉनचा एवढंच दाखवणारं स्केच मी हातानं काढायचो. त्यात चौदाचं भोक नव्हतंच. दत्तानं आख्ख्या ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर धाडला होता. स्केचची वाट बघण्यापेक्षा लवकर होतं म्हणून.

गाडी काढून प्लेटिंगवाल्याकडे गेलो. त्यानं समोर फोटो पुसला. मग म्हणाला, प्रिंट मात्र मिरजेच्या झेरॉक्सवाल्याकडून काढलीय. तिथल्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर, लग्नपत्रिकांच्या फायलींमध्ये, आमची ब्रॅकेट होती.

संध्याकाळी रेव्हिजनसोबतचं चार पानी पत्र पहिल्यांदा नीट वाचलं. तिसऱ्या पानावर स्पष्ट होतं: खूण गेली तरी कराराच्या अटी कायम, लेखी परवानगीशिवाय तिसऱ्याला देऊ नये. पुण्याहून ते 'एफवायआय', म्हणजे 'माहितीसाठी', एवढ्यावर ढकललेलं. त्यांनीही वाचलं नसावं, असं मला अजून वाटतं. पण पान माझ्याही ड्रॉवरमध्ये चार दिवस होतं.

मालक म्हणाले, "मिटलंय ना, कशाला कळवतोस?" मी कळवलं. उलट टपाली फॉर्म आला, 'मूळ कारण' लिहा. मी लिहिलं, 'प्रशिक्षणाचा अभाव'. 'गेला तो' हे दोन शब्द लिहायला त्यात जागा होती, मी लिहिले नाहीत. खाली प्रशिक्षण घेणारा म्हणून दत्ताची सही आहे, देणारा म्हणून माझी.