तुम्ही विचारलंत म्हणून: हाल सोसल्याशिवाय कला येत नाही का?

अमेरिकन गायिका-कवयित्री पॅटी स्मिथचं ‘जस्ट किड्स’ हे तरुणपणच्या आठवणींचं पुस्तक मी बऱ्याच जणांना वाचायला देते. पुस्तक परत करताना प्रश्न ठरलेला असतो: कलाकार व्हायचं तर इतके हाल सोसावेच लागतात का? मी उभ्याउभ्या काहीतरी बोलून सुटते. आज जरा बसून सांगते.

हाल आहेत, भरपूर आहेत. १९६७च्या उन्हाळ्यात वीस वर्षांची पॅटी न्यूयॉर्कला येते ती रिकाम्या खिशानं. कधी बागेत झोपते, कधी कुणाच्या दारात. तिथं तिला तिच्याच वयाचा रॉबर्ट मेपलथॉर्प, पुढे छायाचित्रकार म्हणून गाजलेला, भेटतो आणि दोघं ब्रुकलिनमध्ये बिऱ्हाड थाटतात. संग्रहालयाचं एकच तिकीट परवडायचं. मग एकानं आत जायचं आणि बाहेर येऊन दुसऱ्याला सगळं सांगायचं. या पानावर वाचणारे हळहळतात. मला मात्र आत गेलेल्याचा हेवा वाटतो. बाहेर थांबलेल्यापुढे चित्र शब्दांत उभं करायचं आहे, हे मनात असताना माणूस किती बारकाईनं पाहत असेल!

आणि पॅटी नोकरी करत होती, हे वाचणाऱ्यांच्या लक्षातच राहत नाही. पुस्तकांच्या दुकानात, आधी ब्रेंटानोज आणि नंतर बराच काळ स्क्रिब्नर्समध्ये. रॉबर्टला नोकरी मानवेना, तेव्हा तिच्या पगारावर घर चाललं. १९६९मध्ये आजारी रॉबर्टला घेऊन ती न्यूयॉर्कमधल्या, कलावंतांचा अड्डा असलेल्या चेल्सी हॉटेलात शिरली आणि मॅनेजरपुढे चित्रांचे पोर्टफोलिओ तारण म्हणून ठेवू लागली, हा प्रसंग सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्या इवल्याशा खोलीचं भाडं आठवड्याला ५५ डॉलर होतं, आणि त्यासाठी दुकानात उभं राहावंच लागे.

उपासमारीनं कुणाला काही दिलं असेल तर ते दुखणं. या दोघांना दिलं ते एकमेकांच्या नजरेनं. रॉबर्ट कोलाजसाठी मासिकांतली छायाचित्रं कापायचा. तू स्वतःच का काढत नाहीस, असं पॅटी त्याच्या मागे लागली. शेजारणीकडून उसना पोलरॉइड कॅमेरा मिळाला, आणि पुढचा मेपलथॉर्प जगाला ठाऊक आहे. तो तिला गा म्हणायचा. १९७५च्या ‘हॉर्सेस’ या तिच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचा, पांढऱ्या शर्टातला तिचा फोटो त्यानंच काढला, नुसत्या खिडकीच्या उजेडात. अर्थात नशीबही होतंच. रॉबर्टला पाठबळ देणाऱ्या सॅम वॅगस्टाफसारखा श्रीमंत कलासंग्राहक प्रत्येकाला भेटत नाही. त्याच हॉटेलातले कितीतरी गुणी लोक अमली पदार्थांनी संपले, त्यांनीही हाल काही कमी सोसले नव्हते.

रॉबर्ट मार्च १९८९मध्ये एड्सनं गेला, वयाच्या ४२व्या वर्षी. आपली गोष्ट लिहीन, असा शब्द तिनं त्याला दिला होता. पुस्तक आलं २०१०मध्ये, त्याच वर्षी त्याला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

मधल्या काळात ती न्यूयॉर्क सोडून डेट्रॉइटकडे संसारात रमली होती. दोन मुलं, घरकाम, आणि लिहिणं पहाटे, मुलं उठायच्या आत. ‘जस्ट किड्स’मध्ये त्या वर्षांबद्दल फारसं काही नाही. मला विचाराल तर कलेवरची तिची निष्ठा चेल्सीतल्या दिवसांइतकीच तिथंही दिसते, फक्त तिथं तिचे फोटो काढणारं कुणी नव्हतं. तेव्हा नोकरी सोडू का, असं जे पुढे विचारतात, त्यांना मी आधी त्यांचं पहाटेचं वेळापत्रक विचारते.