शंभरातले सत्तर

माझ्या मानसोपचार दवाखान्यात आलेल्या गृहस्थांनी बसण्याआधी दार दिसेल अशी खुर्ची फिरवून घेतली. मग माझ्या कागदाकडे बघून विचारलं, "हे कोण कोण वाचणार?" मी कागद त्यांच्या बाजूला सरकवला आणि शेवटपर्यंत त्यांना दिसेल असंच लिहिलं. संशयी माणसासमोर हात आडवा धरून लिहिलं, की पुढची सगळी मुलाखत हातातून जाते.

वय 41. आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर निदान होतं 'भ्रमविकार', म्हणजे खोटी समजूत पक्की धरून बसण्याचा आजार. अँटिसायकॉटिकचा, म्हणजे भ्रम-भास कमी करणाऱ्या औषधाचा डोस दोनदा वाढवला होता, फरक शून्य. तक्रार एकच: ऑफिसातले लोक मला काढायला टपलेत.

"शंभरातली किती खात्री आहे?" मी विचारलं.

ते थांबले. "सत्तर. माझं चुकतही असेल. पण म्हणून मी गाफील राहणार नाही."

ही शंकेची फट मला महत्त्वाची वाटली. भ्रमात ती सहसा उरत नाही. समोर पुरावा ठेवला तरी खात्री ढळत नाही. अर्थात एका उत्तरावर निदान करायचं नसतं, काळ तपासावा लागतो. मोठ्या भावाशी बोलायची परवानगी घेतली आणि त्यांच्यादेखतच बोललो. भाऊ म्हणाले, "हा कॉलेजपासून असाच." होस्टेलवर एकाने न विचारता वही नेली होती. 22 वर्षं झाली, तरी त्याचं नाव निघालं की यांचा आवाज चढतो. पुढे घरमालक, पहिला साहेब, मेहुणा. माणसं बदलली, संशय तोच. भ्रमविकारात बहुधा एका टप्प्यावर काहीतरी नव्याने सुरू होतं आणि एखाद्या ठरावीक कथेभोवती घट्ट होत जातं. निदानाला भ्रम किमान 1 महिना टिकलेला लागतो.

संशय स्वभावातच मुरलेला असतो, त्या पॅरानॉइड व्यक्तिमत्त्व विकारासाठी डीएसएम-5 मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन नियमावली) 7 पैकी 4 लक्षणं लागतात, तीही तारुण्याच्या सुरुवातीपासून. इथे 5 होती: आधाराशिवाय फसवणुकीचा संशय, जवळच्यांच्या निष्ठेवर शंका, मन मोकळं न करणं, साध्या बोलण्यात टोमणा दिसणं, वर्षानुवर्षं डूख धरणं. पत्नीच्या एकनिष्ठतेवर संशय हे सातांतलं आणखी एक लक्षण, ते इथे नव्हतं. तो प्रश्न मात्र विचारायचा कधीच सोडू नये. कानात आवाज नव्हते, बोलणं सुसंगत होतं, कामातही घसरण नव्हती, म्हणून स्किझोफ्रेनिया मागे पडला. अतींद्रिय शक्तींवरचा विश्वास, विचित्र अनुभव नव्हते, म्हणून स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकारही नाही. टाळू (अव्हॉइडंट) व्यक्तिमत्त्वाचा माणूसही लोकांपासून लांब राहतो, पण त्याला हसं होण्याची भीती असते. यांना घात होण्याची होती.

हाच संशय चाळिशीत पहिल्यांदा दिसला असता, तर मी आधी दारू, उत्तेजक द्रव्यं, थायरॉइड आणि कमी ऐकू येणं तपासलं असतं. उतारवयात स्मृतिभ्रंशही.

एक गोष्ट आधी कुणी विचारलीच नव्हती: ऑफिसात नेमकं घडलं काय? बढतीच्या यादीतून त्यांचं नाव खरंच वगळलं गेलं होतं, कारण न देता. विकार आहे म्हणून माणसावर अन्याय होत नाही असं नाही, आणि अन्याय झाला म्हणून विकार नाही असंही नाही. मी ते मान्य केलं. बाकीच्या संशयावर ना वाद घातला, ना दुजोरा दिला. औषध एकदम न थांबवता हळूहळू उतरवायचं ठरलं.

निघताना त्यांनी नोंदीची प्रत मागितली. दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचली आणि एका शब्दावर बोट ठेवलं, 'भांडखोर'. तो भावाचा शब्द होता, मी तसाच उतरवला होता. मी त्यावर रेघ मारली, वर 'आवाज चढवतात' लिहिलं आणि शेजारी सही केली. पुढची तारीख त्यांनी स्वतःच विचारली.