तक्त्यांआधी फिर्यादी वाचा

गुन्हेगारीवर प्रबंध लिहायला घेतला की बहुतेक विद्यार्थी थेट एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) वार्षिक अहवाल उघडतात, दहा वर्षांचे आकडे एक्सेलमध्ये भरतात आणि 'अपहरणे वाढली' असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पण मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली तर अपहरण किंवा तस्करी गृहीत धरून गुन्हा नोंदवा. त्याआधी अशा कितीतरी तक्रारी नुसत्या 'मिसिंग' म्हणून राहत. म्हणजे आलेखातल्या त्या चढात नोंदवण्याची रीत बदलल्याचाही वाटा आहे. तो वेगळा काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तक्ते वाचताना आणखी दोन गोष्टी हमखास चुकतात. एका फिर्यादीत खून आणि चोरी दोन्ही असतील, तर मोजणीत फक्त जास्त शिक्षेचा गुन्हा, म्हणजे खून धरला जातो. ती चोरी आकड्यांतून गायब होते. आणि दोषसिद्धीचं प्रमाण काढतात ते त्या वर्षी खटला पूर्ण झालेल्या प्रकरणांवर, दाखल झालेल्या सगळ्या गुन्ह्यांवर नाही.

म्हणून आमचा आग्रह असतो की आधी शंभरेक फिर्यादी वाचा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे एफआयआर, म्हणजे याच फिर्यादींची नोंद, साधारण २४ तासांत संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्याही संकेतस्थळावर ते मिळतात. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली असतात, तेव्हा त्या विषयासाठी हा नमुना चालणार नाही.

एक पोलीस ठाणं, एक वर्ष घ्या. एक ते पाचमधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून दर पाचवा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) उचला. फिर्याद देणाऱ्याचं नाव उतरवूच नका, अनुक्रमांक द्या. घटनेची वेळ, पोलिसांना खबर मिळाल्याची वेळ, उशिराचं कारण, कलमं, असे रकाने करा. पहिल्या तीस फिर्यादी दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि दोघांच्या नोंदी किती जुळतात हे सांगणारा 'कप्पा' हा आकडा काढा. तो ०.७ च्या खाली आला तर दोष भरणाऱ्यांचा नसतो, व्याख्या ढिल्या असतात. त्या घट्ट करून पुन्हा भरा.

हकीकतीची भाषा साच्यातली असते. 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणासाठी फूस लावून पळवून नेले' हे वाक्य अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याच्या फिर्यादींत सतत भेटतं. त्यावरून कुणी फूस लावली असं धरू नका. नेमकं काय झालं ते त्या क्षणी कुणालाच माहीत नसतं.

घरफोडीत वेगळी अडचण येते. कुलूप संध्याकाळी सहाला लावलं, सकाळी सहाला तुटलेलं दिसलं. मधली वेळ म्हणून रात्री बारा लिहिलं, तर तुमच्या अभ्यासात सगळ्या चोऱ्या मध्यरात्रीच होतील. त्याऐवजी बारा तासांपैकी प्रत्येकाला एक-बारांश गुन्हा वाटून द्या आणि सगळ्या फिर्यादींची तासवार बेरीज करा.

जे ठाण्यापर्यंत पोहोचतच नाही त्यासाठी घरोघरी विचारावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांनी कुणाची तरी मदत मागितली होती, आणि मदत म्हणजे बहुतेकदा माहेर, पोलीस नव्हे. त्या सर्वेक्षणात हिंसेचे प्रश्न एका घरात एकाच बाईला, एकांतात विचारतात. सासू दारात उभी असेल तर प्रश्न थांबवा. 'गेल्या बारा महिन्यांत' म्हटलं की लोक दीड वर्षापूर्वीची चोरीही सांगतात. 'गेल्या वर्षीच्या गणपतीनंतर' असं विचारा.

आणि २०२४ चे आकडे हाताळणार असाल तर जुन्या-नव्या कलमांची जोडयादी आधी करा. १ जुलैपासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि अपहरणाचं ३६३ आता १३७(२) झालं. पण जूनमध्ये घडलेला गुन्हा ऑगस्टमध्ये नोंदवला तरी त्याला जुनंच कलम लागतं, त्यामुळे विभागणी घटनेच्या तारखेवर करायची, नोंदीच्या नव्हे.