आमची वाटचाल: पिवळ्या टेम्पररीपासून पाण्याच्या वजनापर्यंत

दातांची लॅब काढली तेव्हा सिरॅमिकची भट्टी घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे जे काही केलं ते ऍक्रिलिकमध्येच, म्हणजे कवळ्या, टेम्पररी कॅपा, ब्रिज, आणि तुटलेल्या कवळ्यांची दुरुस्ती. कॉम्पोझिटची, म्हणजे रेझिनमध्ये काचेची बारीक पूड मिसळलेल्या मालाची, कामं नंतर आली. सिरॅमिकवाल्या मोठ्या लॅब आम्हाला "प्लास्टिकवाले" म्हणायच्या, म्हणोत बापडे, त्या प्लास्टिकनेच आमचं नाव झालं.

झालं कसं तर परत येणाऱ्या केसेसमुळे. फिटिंग बरोबर, बाइट बरोबर, आणि काही महिन्यांनी डॉक्टरांचा फोन, "अहो ते पिवळं पडलंय". कारण ठरलेलं, पेशंट चहा-कॉफी फार पितो. पण चहा-कॉफी कोण पीत नाही? मग एकाची कॅप पिवळी आणि दुसऱ्याची जशीच्या तशी, असं का? परत आलेलं काम टाकून न देता डिस्कने मधोमध कापायचं आणि भिंगाखाली धरायचं अशी सवयच लावून घेतली. काहींचा डाग नुसता वरवरचा असायचा, बफला प्युमिस (पॉलिशची पूड) लावून फिरवलं की साफ. काहींमध्ये रंग कडेपासून आत मुरलेला. आणि काही तुकडे आरपार सारखेच पिवळट, म्हणजे बाहेरून काही लागलेलंच नाही, माल आतूनच बदललाय.

हा तिसरा प्रकार बघायचा असेल तर दुरुस्त केलेली कवळी घ्या. मूळ कवळी हीट क्युअरची, म्हणजे तापवून पक्की केलेली, जोड सेल्फ क्युअरचा, म्हणजे न तापवता आपोआप घट्ट होणारा, आणि काही काळाने जोडाची रेघ बरोब्बर उठून दिसते. सेल्फ क्युअरमध्ये रिऍक्शन न तापवता सुरू व्हावी म्हणून अमाइन नावाचं रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू ऑक्सिडाइज होऊन पिवळं पडतं. शिवाय उरलेला मोनोमर, म्हणजे पक्कं न होता राहिलेलं लिक्विड, हीट क्युअर नीट झालं तर अर्ध्या टक्क्याच्या आत, सेल्फ क्युअरला सहज ३ ते ५ टक्के. पेशंटने फक्त पाणी प्यायलं तरी ती रेघ दिसणारच आहे, उगाच चहाला दोष.

आणि पाणी हेच खरं प्रकरण आहे. ऍक्रिलिक, कॉम्पोझिट, सगळेच पॉलिमर तोंडात पाणी पितात, रेणूंच्या साखळ्यांमध्ये पाणी शिरतं, साखळ्या थोड्या सैल होतात, माल जरासा फुगतो आणि मऊ होतो, आणि त्याच वाटेने रंगही आत जातो. चहाचा डाग बराचसा पृष्ठभागावरच बसतो म्हणून ब्रशने निघतो, कॉफीतले काही पिवळे रंग मात्र आत शिरतात. कॉम्पोझिटमध्ये तर कुठलं रेझिन आहे त्यावर सगळं अवलंबून. टेग्डमा, बिस-जीएमए, यूडीएमए ही त्यातली नेहमीची रेझिनं. टेग्डमा जास्त असलेला माल पाणी जास्त ओढतो, बिस-जीएमए त्याच्यापेक्षा कमी, यूडीएमए अजून कमी. म्हणून मटेरियलवाला शेडचं कार्ड पुढे करतो तेव्हा आम्ही आधी आत कुठलं रेझिन आहे ते विचारतो. बऱ्याच जणांना सांगता येत नाही, तो भाग वेगळा.

मग आम्ही सरळ वजनच करायला घेतलं. कवळीच्या मटेरियलसाठी आयएसओ २०७९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, ५० मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर जाडीची चकती करायची, सिलिका जेलवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवायची, ३७ अंशाच्या पाण्यात ७ दिवस ठेवायची, काढून पुसून वजन, परत सुकवून वजन. पाणी घनमिलिमीटरला ३२ मायक्रोग्रॅमच्या वर प्यायला नको. एवढ्या चकतीत हिशोब केला तर जास्तीत जास्त ३१ मिलिग्रॅम पाणी. आणि विरघळून जाणारा माल हीट क्युअरला १.६ मायक्रोग्रॅमच्या आत, म्हणजे अख्ख्या चकतीतून जेमतेम दीड मिलिग्रॅम. ते पकडायला ०.१ मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. लॅबमधली पहिली महागडी वस्तू तोच, भट्टी नाही. घरच्यांनी बरीच नावं ठेवली.

काट्याने एक गोष्ट दाखवली, एकाच डब्यातली पावडर, एकच लिक्विड, पण क्युरिंग वेगळं तर आकडे वेगळे. ७४ अंशाला रात्रभर ठेवून शेवटी एक तास उकळवलेली चकती आणि घाईत उरकलेली चकती शेजारी ठेवली की बोलायलाच नको. घाईत अजून एक धोका, मोनोमर १०० अंशाच्या आसपास उकळतो, एकदम तापवलं तर जाड भागात बुडबुडे राहतात आणि डाग तिथेच घर करतो. तेव्हापासून रात्रीचं क्युरिंग हा लॅबचा नियम, अर्जंट कवळी आम्ही घेतच नाही. यावरून काही डॉक्टर सोडून गेले, काही वर्षाच्या आत परत आले, काही नाही आले. सेल्फ क्युअरची दुरुस्ती आता प्रेशर पॉटमध्येच, कोमट पाण्यात दोन बार दाबाला, त्याने बुडबुडे कमी होतात. अमाइनचं पिवळेपण त्याने जात नाही, तेवढं डॉक्टरांना आधीच सांगून ठेवतो.

पॉलिशिंगवर तर वेगळं लिहावं लागेल. लोक समोरची बाजू चकाचक करतात आणि ब्रिजच्या खोट्या दाताची हिरडीकडची बाजू तशीच सोडतात, डाग नेमका तिथून सुरू. कॉम्पोझिटवर शेवटचा थर ग्लिसरीन जेल लावूनच क्युअर करायचा, हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरचा पापुद्रा कच्चा राहतो आणि तो स्पंजसारखा रंग ओढतो. लिक्विड ग्लेझ मारून चमक आणायची पद्धत आम्हाला पटत नाही, ग्लेझ झिजलं की खाली काय आहे ते दिसतंच.

नंतर मिलिंग मशीन आलं, तयार डिस्कमधून दात कोरून काढणारं. पीएमएमएची, म्हणजे ऍक्रिलिकचीच, तयार डिस्क कारखान्यातच दाबाखाली पक्की केलेली असते, त्यामुळे उरलेला मोनोमर कमी, बुडबुडे जवळपास नाहीत. लांब चालणाऱ्या टेम्पररी आता सगळ्या त्यातच. रंग बदलला की नाही यावर डॉक्टरांशी वाद नको म्हणून शेड मोजायचं यंत्रही घेतलं, डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, १.२ च्या आसपास असेल तर निम्म्या लोकांना फरक कळतो, आणि २.७ च्या आसपास गेला की निम्म्यांना तो चालत नाही. काम देताना आकडा लिहून ठेवतो, परत आलं तर परत मोजतो, आरडाओरडा निम्मा झाला.

थ्रीडी प्रिंटरही आहे, मॉडेल आणि ट्रेसाठी झकास. प्रिंटेड टेम्पररी मात्र थोड्या दिवसांच्याच केसला देतो. धुणं आणि पोस्ट क्युअर (प्रिंटनंतर उजेडात पक्कं करणं) कसं केलं यावर त्याचं पाणी पिणं फार बदलतं, आणि आमच्या काट्यावर अजून तरी ते मिलिंगच्या डिस्कच्या मागेच आहे. नवीन रेझिन आलं की आधी चकती पाण्यात जाते, मग केस.