नैरोबीतली पहिली खोली

माझ्या कार्यालयात हिशेब पाहणाऱ्या 26 वर्षांच्या सहकारिणीने मागच्या वर्षी रोयसाम्बू भागात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर खोली घेतली. थिका महामार्गालगतच्या या वस्तीत अशा एकट्या राहणाऱ्या तरुणांच्या इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. तिच्या खोलीला येथे ‘बेडसिटर’ म्हणतात. म्हणजे एकच खोली, कोपऱ्यात ओटा आणि स्वतंत्र संडास-न्हाणी. त्यातल्या या शेवटच्या गोष्टीचे मोल मुंबईच्या चाळीत वाढलेल्या मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

तिने सर्वांत आधी गादी घेतली आणि त्यानंतर ‘मेको’, म्हणजे सहा किलोचा गॅसचा सिलिंडर, ज्याच्या डोक्यावरच शेगडी बसवलेली असते. मी प्रथम गेले तेव्हा खोलीत तिसरी वस्तू नव्हती, आणि तिने मला गादीवर बसवून त्या मेकोवर दुधाचा चहा केला. संध्याकाळी खालच्या भाजीवालीकडे, म्हणजे ‘मामा म्बोगा’कडे, गेलो. तिने पाटाविना, हातातल्या हातात, जुडी गच्च धरून सुकुमा विकीची पाने सुतासारखी बारीक चिरून दिली. स्वाहिलीत या भाजीच्या नावाचा अर्थ ‘आठवडा ढकल’ असा होतो आणि महिनाअखेरीस तो शब्दशः खरा ठरतो.

या खोलीपर्यंत पोचायला तिला पदवीनंतर जवळजवळ दोन वर्षे लागली. आपण नोकरीसाठी चपला झिजवतो, तर येथे ‘टार्मॅकिंग’ करतात. खाकी पाकिटात प्रमाणपत्रे घालून डांबरी रस्ते तुडवत कचेरीमागून कचेरी पालथी घालायची, आणि तोवर मावशीकडे बैठकीच्या खोलीत झोपायचे. नोकरी लागताच ‘हेल्ब’ या सरकारी शैक्षणिक कर्ज मंडळाचे हप्ते सुरू झाले. शिवाय ती ‘फर्स्टबॉर्न’, म्हणजे थोरली. त्यामुळे पश्चिम केनियातल्या काकामेगाजवळच्या गावी असलेल्या धाकट्या भावाची शाळेची फी तिच्याकडे आपसूक आली. अशा जबाबदारीला येथील तरुण अर्ध्या विनोदाने आणि अर्ध्या वैतागाने ‘ब्लॅक टॅक्स’ म्हणतात. 2007 मध्ये सुरू झालेल्या एम-पेसामुळे पगार झाल्याबरोबर मोबाइलवरून पैसे गावी पोचतात, आणि ‘अजून पोस्टात गेले नाही’ ही सबबही उरलेली नाही. (त्यातला ‘पेसा’ हा शब्द आपल्याच पैशाचा भाऊ आहे, हे ऐकून तिला फार गंमत वाटली होती.)

आतल्या गल्लीत तिला स्वस्त खोली मिळत होती. तरी तिने मटाटूच्या, म्हणजे प्रवासी मिनीबसच्या, थांब्याजवळचीच घेतली, कारण रात्री उतरल्यावर अंधारातून चालावे लागू नये. 27 जानेवारी 2024 रोजी स्त्रियांच्या हत्यांविरुद्ध नैरोबीत हजारो बायका रस्त्यावर उतरल्या, त्यांत तीही होती. जास्तीच्या भाड्याबद्दल गावाकडून विचारणा झाली, तेव्हा तिने एवढेच सांगितले की येथून कार्यालय जवळ पडते.

बाकी सारे उभे राहिले ते ‘चामा’वर. ही आपली भिशीच आहे. दहा मैत्रिणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एकीच्या खोलीत जमतात, प्रत्येकी 3,000 शिलिंग भरतात आणि जमलेली रक्कम पाळीपाळीने एकीला मिळते. चहा आणि चपात्या होतात, वहीत सह्या होतात, उशिरा भरणारीला दंड बसतो, आणि दंडाबाबत या मुली माझ्या आजीच्या भिशीतल्या बायकांहून कडक आहेत, हे मी स्वतः दंड भरून सांगते आहे. तिची पाळी आली तेव्हा निम्मी रक्कम भावाच्या फीला गेली आणि उरलेल्या पैशांत तिने पलंग व दोन खुर्च्या घेतल्या.

त्या खुर्च्या आल्या आणि आईला बोलावण्यात आले. आई रात्रीच्या बसने पश्चिमेकडून आली, सोबत केळी आणि एक जिवंत कोंबडी. त्या दिवशी नळाला पाणी नव्हते. आईने दाराआड रांगेने भरून ठेवलेले पिवळे जेरीकॅन मोजले, मेको हलवून गॅस किती उरला ते पाहिले, आणि ‘लग्नाआधी स्वतंत्र बिऱ्हाड कशाला’ हा प्रश्न, जो फोनवर वर्षभर विचारला गेला होता, तो त्या दिवशी काही काढला नाही. कोंबडी तिच्या एकुलत्या एका पातेल्यात मावेना, म्हणून दोनदा शिजवावी लागली. निघताना आई लेकीला म्हणाली, “पुढच्या खेपेला घरचे मोठे पातेले आणीन.”